शंभर एमबीपीएस म्हणजे किती वेग?

गेल्या पावसाळ्यात अकरावीच्या एका मुलाने मला विचारले, "सर, आम्ही घरी १०० एमबीपीएसचे कनेक्शन घेतले. मग १०० मेगाबाइटचा धडा एका सेकंदात उतरायला हवा ना? आठ-नऊ सेकंद लागतात. आम्हाला फसवले का?"

फसवले नव्हते. एमबीपीएसमधला 'बी' हा बिटचा आहे, बाइटचा नव्हे. बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. धड्याचा आकार बाइटमध्ये मोजतात आणि वाहतूक बिटमध्ये. १०० ला ८ ने भागा. सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे धड्याला ८ सेकंद लागणारच. (जाहिरातीत मोठा आकडा बरा दिसतो, हेही खरेच.)

त्याचा पुढचा प्रश्न मात्र अधिक चांगला होता. "मामा अमेरिकेतून बोलतात तेव्हा उत्तर जरा थांबून येते. २०० एमबीपीएसचे घेतले तर थांबणार नाही ना?"

तरीही थांबेल. 'वेग' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या राशी झाकून ठेवतो. विहिरीवरची मोटार सुरू केली की शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाणी यायची वाट पाहावी लागते, कारण आधी लांबलचक रिकामा पाइप भरायचा असतो. हा जो उशीर, त्याला लेटन्सी म्हणतात. पाणी आल्यावर मिनिटाला किती लिटर पडते, ही दुसरी राशी म्हणजे बँडविड्थ. एकाऐवजी दोन पाइप टाकले, प्रत्येकाला मोटारही वेगळी बसवली, तर पाणी दुप्पट पडेल. पण पहिला थेंब पूर्वीइतक्याच उशिराने येईल.

बँडविड्थ हा शब्द आला कोठून? जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्यांचा आवाज पाठवीत असत. या पट्ट्याची रुंदी ३१०० हर्ट्‌झ. पट्टा जितका रुंद तितके अधिक बिट दर सेकंदाला त्यातून पाठवता येतात. म्हणून पट्ट्याच्या रुंदीचे नावच पुढे बिटांच्या दराला चिकटले.

उशीर किती असू शकतो याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१ मध्ये परदेशी दूरसंचारासाठी उपग्रह भूस्थानक सुरू झाले. (वर्ध्याजवळची आपली आर्वी ती वेगळी.) विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ त्याला 'विक्रम' हे नाव मिळाले. तेथील सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरील भूस्थिर उपग्रहाकडे रोखलेली होती. असा उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३५,८०० किमी उंचीवर असतो. वर जाऊन खाली येणे म्हणजे ७१,६०० किमी. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किमी. भागाकार ०.२४ सेकंद. तुमचा प्रश्न जायला पाव सेकंद, उत्तर यायला पाव सेकंद! समोरचा गप्प बसला असे वाटून माणूस पुन्हा बोलू लागे आणि दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळे. तबकडी कितीही मोठी केली तरी हा अर्धा सेकंद वाचला नसता.

आज परदेशी जाणारे बहुतेक संदेश समुद्रतळावरील प्रकाशतंतूंच्या केबलमधून जातात. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबल येतात. तंतूच्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने त्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला २ लाख किमीच उरतो. तरीही केबलच सरस ठरते, कारण तिचा मार्ग कितीतरी आखूड असतो. यवतमाळ ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ५७० किमी. जाऊन येऊन ११४० किमी, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद. तंतू सरळ रेषेत टाकलेला नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून अधिकच लागतात.

त्यात वाटेवरच्या राउटरांची भर पडते. संदेश अखंड जात नाही, त्याचे तुकडे करतात. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. पॅकेट साधारणपणे १५०० बाइटपर्यंतचे असते, म्हणजे ३ मेगाबाइटच्या छायाचित्राची सुमारे २००० पॅकेटे होतात. प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता असतो. राउटर पत्ता वाचून पुढचा रस्ता ठरवतो. पत्रावरचा पिनकोड आठवा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ४४५ दिसले की पत्र यवतमाळ जिल्ह्याच्या थैलीत. गल्ली कोणती हे नागपुरात कोणी पाहत नाही. राउटरही पत्त्याचा पुढचा भागच पाहतो. फरक इतकाच, की संगणकाचा हा आयपी पत्ता भूगोलाशी बांधलेला नसतो. राउटरपाशी गर्दी झाली की पॅकेटे रांगेत थांबतात. मामांचा आवाज कधी तुटक येतो त्याचे हेही एक कारण.

रस्ताच बंद झाला तर? ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या. भारतातून पश्चिमेकडे जाण्याची क्षमता एकदम घटली. राउटरांनी बरीच पॅकेटे पूर्वेकडून, पॅसिफिक महासागराच्या वाटेने वळवली. इंटरनेट मंदावले, पण पुरते थांबले नाही. इथे दोन्ही राशी एकदम बिघडल्या होत्या: उरलेल्या केबलवर गर्दी झाली म्हणून प्रत्येकाच्या वाट्याची बँडविड्थ घटली आणि वाट लांबली म्हणून लेटन्सी वाढली.

शाळेच्या संगणकावर एक प्रयोग करा. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, 'पिंग' हा शब्द इंग्रजीत टाइप करून पुढे एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्या. पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसेल. त्या संख्येला १०० ने गुणा. येईल तितक्या किलोमीटरांपेक्षा तो संगणक तंतूच्या वाटेने दूर असूच शकत नाही. आता एखाद्या परदेशी संकेतस्थळाचे नाव द्या. उत्तर २० मिलिसेकंदांत आले, तर उत्तर देणारा संगणक २००० किमीच्या आतच आहे, म्हणजे अमेरिकेत खासच नाही. मग तो कोठे असेल, आणि त्या संकेतस्थळाच्या चालकांनी तो तेथे का ठेवला असेल?