मुलांना ‘आवाज’ कसा शिकवाल? खेळता खेळता कळेल, कान नीट ऐकतात का!

दौंड जंक्शनवर रेल्वेचे भोंगे, गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर लावलेली गाणी, शिरूरला पुणे-अहिल्यानगर महामार्गावरचे हॉर्न आणि वरातीतला डीजे. या दोन्ही तालुक्यांतली मुलं आवाजातच वाढतात. मात्र आवाज म्हणजे काय, हे विज्ञानाच्या पुस्तकात सविस्तर येतं ते सातवी-आठवीत. ऐकण्यातला दोष ओळखण्याची वर्षं तोपर्यंत निघून गेलेली असतात. म्हणूनच हा धडा अंगणवाडीच्या वयातच, खेळातून द्यायला हवा.

आवाज ‘दाखवायचा’ कसा?

आवाज म्हणजे कंप. मुलाला स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवून ‘आ’ म्हणायला सांगा, थरथर हाताला लागेल. एका वाटीवर प्लॅस्टिक ताणून बांधा, वर चिमूटभर रवा टाका आणि शेजारी ताट वाजवा. ताट वाटीला टेकलेलं नसतानाही रवा नाचतो, कारण हवेतून आलेला कंप प्लॅस्टिकला हलवतो. आपल्या कानाचा पडदा असाच हलतो.

आगपेटीचा फोनही करून बघा. दोरा ताणलेला असेल तर बोलणं पोहोचतं. मध्येच दोरा चिमटीत धरला की कंप अडतो आणि आवाज बंद!

कानात पुढे काय होतं?

पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं असतात. त्यातली रिकीब शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम 3 मिलिमीटरचं. ती कंप शंखासारख्या आतल्या कानापर्यंत नेतात. तिथल्या सूक्ष्म केसपेशी त्याचा संदेश मेंदूला पाठवतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत.

‘कोणाचा आवाज?’ खेळा

मुलाला डोळे मिटायला सांगा. मागे उभं राहून चमचा वाजवा, कागद चुरगळा, हळू आवाजात नाव घ्या. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीतलं मूल मोराची केका सहज ओळखेल, दौंडचं मूल इंजिनाचा भोंगा. हळू आवाज वारंवार चुकत असेल, तर मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून रागावू नका. कदाचित त्याला ऐकूच येत नसेल. हा खेळ म्हणजे तपासणी नव्हे, पण शंका घ्यायला पुरेसा आहे.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

• मोठ्या आवाजाने तान्हं बाळ दचकत नाही
• सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे मान वळवत नाही
• वर्ष-सव्वा वर्षात एकही अर्थपूर्ण शब्द नाही
• दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही
• कान वाहतो, टीव्हीचा आवाज सतत वाढवतो

‘त्याचे वडीलही उशिरा बोलले’ म्हणत वाट पाहण्यात वेळ जातो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं डॉक्टर सांगतात. कारण भाषा शिकण्यासाठी मेंदूला सुरुवातीच्या वर्षांतच आवाज मिळावा लागतो.

तपासणी कुठे?

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांमध्ये एकदा तपासणी होते. त्यात ऐकण्यातले दोषही येतात. पथक आलं की आपली शंका स्वतःहून सांगा. मधल्या काळात आशाताई, अंगणवाडीताई किंवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात विचारा. कानात गरम तेल, काडी किंवा पिन घालू नका.

किती आवाज जास्त?

मोठ्यांसाठी 85 डेसिबलचा आवाज आठ तास, ही मर्यादा मानली जाते. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला अवघी 15 मिनिटं. लहानग्यांसाठी मर्यादा याहून कमी हवी. त्यामुळे मिरवणुकीत मुलाला स्पीकरच्या भिंतीसमोर खांद्यावर घेऊन उभं राहू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो.

शाळेभोवतीचा 100 मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. त्रास झाल्यास 112 वर तक्रार करता येते.

आज संध्याकाळी टीव्ही बंद करून पाच मिनिटं ‘कोणाचा आवाज?’ खेळा. घरातल्या सगळ्यात धाकट्यापासून सुरुवात करा.