पाऱ्याचे बीपीयंत्र आता बाजूला ठेवावे

झाकण उघडताच काचेची नळी उभी राहणारे पाऱ्याचे बीपीयंत्र अजूनही काही दवाखान्यांच्या टेबलावर दिसते. त्याला वीज लागत नाही, सेल लागत नाहीत. रबरी फुगा आणि पट्टा बदलत राहिले की ते वर्षानुवर्षे चालते. जुन्या डॉक्टरांचा जीव त्यात अडकतो, तो उगाच नाही.

इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर रक्तदाब मोजण्याची पद्धत मांडली. त्यात वरचाच आकडा कळे. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि खालचाही ऐकू आला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. त्याऐवजी पाणी वापरले असते, तर १२० चा दाब दाखवायला दीड मीटरहून उंच नळी लागली असती! शिवाय मोजणारे असते ते गुरुत्वाकर्षण. त्यात स्प्रिंग नाही, सैल पडायला काही नाही.

दोष यंत्रात नाही, पाऱ्यात आहे. तो साध्या खोलीच्या तापमानालाही हवेत उडतो, आणि वाफेला ना रंग ना वास. ही वाफ फुप्फुसांतून रक्तात जाते. मेंदू आणि मूत्रपिंडांना इजा करते. थर्मामीटरमध्ये पारा जेमतेम ग्रॅमभर, बीपीयंत्रात मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास. गटारातून पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे जिवाणू मिथाइल पारा करतात आणि तो माशांमार्फत ताटात येतो. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून हेच विष समुद्रात गेले; तेथील आजार १९५६ मध्ये उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पारा हटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

‘डिजिटलवर भरवसा नाही,’ ही तक्रार रुग्णही करतात. ती अगदीच खोटी नाही. नाडी अनियमित असेल तर आकडा चुकू शकतो. मनगटावरची यंत्रे तर टाळलेलीच बरी. पण दंडावर बांधायचे, प्रमाणित यंत्र आणि मापाचा पट्टा असेल, तर घरच्या वापराला ते पुरेसे आहे. वर्षातून एकदा ते डॉक्टरांकडे नेऊन तिथल्या आकड्याशी ताडून पाहावे. (आकडे मात्र अजून ‘मिलिमीटर पारा’ याच एककात!)

घरातले जुने यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. पेटी नीट बंद करून ठेवावी आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात ते कुठे जमा करायचे याची चौकशी करावी. थर्मामीटर फुटला तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा. हातातली सोन्याची अंगठी आधी काढावी. पारा सोन्याला चिकटतो. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. जाड कागदाने गोळ्या एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भराव्यात, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत. काही बेसिनमध्ये ओतू नये.