झोपेचे सोंग आणि करकायदा

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपण नेहमी म्हणतो. अमेरिकेतील करचुकवेगिरीच्या फौजदारी खटल्यांत हेच सोंग न्यायालयापुढे येते. खोट्या विवरणपत्रावर सही करणारा म्हणतो, ‘मला ठाऊकच नव्हते.’ मग त्याला ठाऊक होते हे सिद्ध कसे करायचे?

इतर बहुतेक गुन्ह्यांत कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही. करकायदा फार गुंतागुंतीचा असल्याने तेथे मात्र सवलत आहे. आपले कर्तव्य आरोपीला माहीत होते आणि त्याने ते जाणूनबुजून मोडले, हे सरकारला सिद्ध करावे लागते. १९९१ च्या चीक खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपीची समजूत अवाजवी असली, तरी ती प्रामाणिक असेल तर तो या गुन्ह्याचा दोषी ठरत नाही.

ही सवलत सोंगाड्याला मिळू नये, म्हणून ‘हेतुपुरस्सर आंधळेपणा’ हे तत्त्व आहे. २०११ च्या ग्लोबल-टेक या पेटंटविषयक खटल्यात त्याच न्यायालयाने त्याच्या दोन अटी मांडल्या. ती गोष्ट खरी असण्याचा दाट संभव आहे, असे त्या माणसाला स्वतःला वाटत असले पाहिजे. शिवाय ती कळू नये म्हणून त्याने मुद्दाम काही केलेले असले पाहिजे. समजा, घरदुरुस्तीचा खर्च दुकानाच्या खात्यात गेल्याचा मालकाला दाट संशय आहे. हिशेबनीस त्याबद्दल बोलू लागताच मालक त्याला थांबवतो, ‘तपशील नको, सही कुठे करू तेवढे सांगा.’ असे वागणे माहिती असल्याचा पुरावा ठरू शकते.

पण निष्काळजीपणा म्हणजे हा आंधळेपणा नव्हे. ‘त्याला कळायला हवे होते’ आणि ‘त्याला कळले होते’ यांतले अंतर ज्यूरीने विसरले, तर केवळ गबाळा माणूस तुरुंगात जाईल.

आपल्याकडे तर आरोपीची वाट अधिक अवघड. आयकर कायद्यानुसार, जेथे गुन्ह्याला दोषी मनःस्थिती लागते, तेथे न्यायालय ती गृहीत धरते; ती नव्हती हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचे. तेव्हा विवरणपत्र पुतण्याने भरलेले असो वा सल्लागाराने, सहीपूर्वी ते वाचा, शंका विचारा आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवा.