ओट्याखालचे सिंक आणि न दिसणारी फट

स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की अलीकडे ग्रॅनाइटच्या खालून बसवायच्या, म्हणजे अंडरमाउंट सिंकचा आग्रह धरला जातो. कारण सरळ आहे. वरून बसवलेल्या सिंकची पत्र्याची कड ओट्यापेक्षा किंचित उंच राहते. पाणी, पीठ आणि खरकटे तिच्याभोवती अडते आणि कितीही पुसले तरी तेथे काळी रेघ धरतेच. खालून बसवलेल्या सिंकला ही कड ओट्यावर येतच नाही.

जैन घरात ही बाब केवळ टापटिपीची नाही. शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’त बुरशी आणि शेवाळ यांची गणना अनंतकायात केलेली आहे. ओल साचते तेथे बुरशी येते. आल्यावर ती घासून काढणे हीही हिंसाच. म्हणून ती येऊच न देणे हा खरा यत्नाचार. या कसोटीवर अंडरमाउंट सिंक सरस ठरू शकते. मात्र वरची फट नाहीशी झालेली नसते, ती दगडाखाली गेलेली असते, याचे भान ठेवावे लागते.

या सिंकला ओटा ग्रॅनाइटसारख्या घट्ट दगडाचाच हवा. सिंकसाठी कापलेली दगडाची कड येथे उघडी राहते व रोज भिजते, त्यामुळे ती पृष्ठभागाइतकीच गुळगुळीत पॉलिश करून घ्यावी. लॅमिनेट लावलेल्या प्लायच्या ओट्याला हे सिंक बसवू नये. कापलेल्या कडेतून पाणी शिरून प्लाय फुगतो.

सिंकचे स्टील 304 ग्रेडचे घ्यावे. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. दुकानात लोहचुंबक लावून खात्री पटवली जाते, पण कमी निकेलचे 202 ग्रेडचे स्टीलही चुंबकाला सहसा धरत नाही. तेव्हा ग्रेड बिलावर लिहून घेणे हेच श्रेयस्कर. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हेही ध्यानात असावे.

खरी कसोटी बसवण्यात आहे. आतून 22 इंच लांब, 16 इंच रुंद व 9 इंच खोल सिंक काठोकाठ भरले तर सुमारे 52 लिटर, म्हणजे 52 किलो पाणी मावते. एवढा भार नुसत्या सिलिकॉनवर सोडणे धाडसाचे. खालून कंसपट्ट्या किंवा आधाराची चौकट हवीच. पुष्कळदा सिंक खालच्या कडप्प्यावर ठेवून वरून ग्रॅनाइट पक्का केला जातो. काम मजबूत होते खरे, पण पुढे सिंक बदलायचे तर ग्रॅनाइट उचकटावा लागतो. खालून काढता येईल अशी बांधणी सुताराकडून आणि गवंड्याकडून आधीच ठरवून घ्यावी.

दगडाची कड सिंकच्या भिंतीपुढे आलेली ठेवण्याकडे कारागिरांचा कल असतो, कारण त्यात कापण्याचा दोष झाकला जातो. नेमके हेच टाळावे. पुढे आलेल्या दगडाखाली ओल राहते आणि तेथे नजर पोहोचत नाही. दगड भिंतीच्या समरेषेत, किंवा सांधा दिसेल इतका किंचित मागे असावा. सांध्यात बुरशीरोधक, आंबट वास न येणारे न्यूट्रल सिलिकॉन सलग भरावे. त्याआधी दगड व पत्रा दोन्ही कोरडे हवेत. नंतर किमान 24 तास पाणी सोडू नये. कारागीर घाई करतात, घरच्यांनी करू नये. गळतीच्या परीक्षेसाठी सिंक भरावेच लागते. ते पाणी मग फरशी पुसण्यास वापरावे.

या सिंकचा एक गुण सावधपणे वापरण्याजोगा आहे. ओट्यावरचे सारे एका हाताने सिंकमध्ये लोटता येते, आणि त्यासोबत पिठामागून आलेल्या मुंग्याही नकळत वाहून जातात. म्हणून ओले फडके फिरवण्यापूर्वी पुंजणी फिरवावी. उकळते पाणीही थेट ओतू नये, निवू द्यावे.

सूर्यास्तापूर्वी जेवण व भांडी आटोपणाऱ्या घरात सिंकला सुकण्यास सारी रात्र मिळते. शेवटचे भांडे विसळल्यावर कोरडे फडके सांध्यावरून बोटाने दाबत फिरवले की काम झाले. सिलिकॉन कोठे काळवंडले वा सुटले तर तेवढा भाग कापून, वाळवून पुन्हा भरून घ्यावा. त्यासाठी सिंक काढावे लागत नाही.