शिकलगारांची कानस

सुतारकाम नव्याने शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताने तंतुवाद्य घडवायचं असेल, तर त्याने तंबोऱ्यापासून सुरुवात करावी आणि त्यासाठी मिरजेकडे पाहावं. मिरजेत एकोणिसाव्या शतकात हे काम सुरू केलं ते सुतारांनी नव्हे. ते सुरू करणारे फरीदसाहेब शिकलगार घराण्यातले. हत्यारांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. तलवारींचं काम आटलं आणि तेच हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या कलेचा आरंभ असा लाकडात नवख्या माणसांनी केलेला आहे.

तंबोरा सुतारकामातल्या चुका पोटात घालतो. गिटारचा पडदा जरा चुकीच्या जागी बसला की तिथला सूर कायमचा बिघडतो. तंबोऱ्याला पडदेच नाहीत. चार मोकळ्या तारा खुंट्यांनी लावायच्या, मण्यांनी बारीक जुळवायच्या. तारेची लांबी बोटभर कमीजास्त झाली तरी चालतं. शिवाय पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा कुणाच्या आराखड्यानुसार वाढत नाही. तो कापून भिजवायचा, आत काटक्यांचा ताण देऊन त्याचं तोंड रुंदावायचं, वाळू द्यायचं. मग गळा आणि तोंडावर बसणारी लाकडी तबली त्याच्या अंगाने बेतायची.

इतकं सोपं असेल तर कारागिराची वर्षं कशात जातात, असं कुणी विचारेल. जवारीत जातात, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासण्यात. तो माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित गोलाई असते. तिच्यावर तार टेकत-सुटत राहते आणि मूळ स्वरातून वरचे स्वर फुलतात. तार जिथे छेडली त्या बिंदूवर ज्या स्वरांचा कंप शून्य असतो, ते उमटू नयेत असा नियम; वीणेत आणि तंबोऱ्यात तेही जोरकस ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये मांडलं आणि त्याचं कारण घोडीत दाखवलं. ही गोलाई मोजून येत नाही. कानशीचे दोन हलके हात, तार चढवायची, छेडायची, तारेखालचं सूत केसभर सरकवायचं. आस, म्हणजे सुराची लांबत जाणारी गुंज, मोकळी झाली नाही तर तार बाजूला करून पुन्हा कानस. हे काम खरोखर धार लावण्याचंच आहे.

मग घोडी तरी उस्तादाकडून करून घ्यावी, हा सल्ला रास्त वाटतो, पण मला तो पटत नाही. भोपळा फुटला तर सगळं वाद्य गेलं; घोडी मात्र हाडाचा किंवा लाकडाचा सुटा, लहान तुकडा. पाच बिघडल्या तरी सहावी त्याच तबलीवर बसते. शिवाय वाजवून वाजवून तारांच्या खाचा पडल्या की जवारी पुन्हा काढावीच लागते, उस्तादाची असो वा नवशिक्याची.