काकांनी बुलेट सोडली, त्याची गोष्ट

“गाडी पडली,” काका म्हणाले. “मी पडलो,” असे काही ते म्हणाले नाहीत. मुलांना मराठीचे व्याकरण शिकवण्यात माझा दिवस जातो. तेव्हा वाक्यातला कर्ता बदललेला माझ्या लगेच ध्यानात आला.

आमचे काका अडुसष्ट वर्षांचे. नोकरी लागल्यावर 1982 साली त्यांनी बुलेट घेतली. रविवारी सकाळी कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाऊन यायचे, हा तेव्हापासूनचा नेम. गेल्या पावसाळ्यात ही गाडी पडली ती घाटात नव्हे, वेगातही नव्हे. घराच्या फाटकाशी, उभ्या जागी! ओल्या फरशीवर पाय सरकला, गाडी कलली आणि काका तिच्याखाली आले. शेजारच्या दोन मुलांनी ती उचलली. घोट्याला मुका मार बसला, पण मनाला बसलेला मार अधिक होता.

“अहो, आता पुरे झाले. विका ती गाडी, नि रिक्षाने हिंडा,” काकू म्हणाल्या. काका चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

वाचकहो, पुष्कळ घरांत हा प्रश्न येथेच अडतो. एक तर जुनी गाडी, नाही तर गाडीच नाही! मी भीत भीत तिसरा मार्ग सुचवला. “काका, शंभर सीसीची हलकी गाडी घेऊन पाहा ना.”

“म्हणजे दूधवाल्याची गाडी? ती मी चालवू?” काका उसळले.

खरी गोष्ट अशी, की गाडी पळत असते तेव्हा तिचा तोल चाके सांभाळतात. ती थांबली, की आपले पाय. गाडी किंचित कलली असता भार हाताला जेमतेम जाणवतो. पण ती जसजशी आडवी होते, तसतसा तो झपाट्याने वाढतो. बुलेटचे वजन 160 किलोच्या पुढे. शंभर सीसीची गाडी 110-112 किलोच्या घरात. हा पन्नास किलोंचा फरक म्हणजे तांदळाचे एक भरलेले पोते. पंचविशीत ते कोणाला जाणवत नाही; साठीनंतर मांड्यांतले बळ ओसरू लागले, की फाटकाशी, चढावर, गाडी मागे घेताना ते पोते आपल्याला शोधत येते. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो व त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. पण कललेली गाडी सावरता येते का, हे ज्याचे त्यानेच स्वतःला विचारायचे असते.

काकांनी ते विचारले असावे. महिन्याने नवी गाडी दारात आली. पण वजन उतरले तरी सवय उतरत नाही! जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. नव्या गाडीला नेमके उलटे. चाळीस वर्षांची सवय लागलेला पाय ऐन वेळी ब्रेक समजून गिअरच दाबायचा. तीन आठवडे काका पहाटे मोकळ्या मैदानावर गोल गोल फिरत, थांबत, पुन्हा निघत. मी कठड्यावर बसून पाहत असे. एवढा जाणता माणूस पुन्हा विद्यार्थी झालेला पाहून मला माझ्या वर्गातल्या मुलांची आठवण येई. पाय चुकेनासा झाला, तेव्हाच ते रहदारीत गेले.

हलक्या गाडीचे उणे नाही असे नव्हे. शेजारून ट्रक गेला, की ती वाऱ्याने हलते. मागे कोणी बसले, की घाटात दमते. म्हणून काका आता सावकाश जातात आणि वाटेत चहाला थांबतात. पूर्वी ते थांबत नसत. किक मारण्याचा खटाटोपही संपला. बटण दाबले, की काम झाले.

बुलेट धाकट्या चुलतभावाकडे गेली. ती नेताना काका घरात वर्तमानपत्र वाचत बसले होते. पान मात्र उलटले नाही.

यंदाच्या खंडेनवमीला नव्या गाडीला पहिला झेंडूचा हार पडला. रविवारी काका पन्हाळ्याहून परतले, तेव्हा काकूंनी दारातूनच विचारले, “गाडी कशी आहे?”

“मी बरा आहे,” काका म्हणाले.