न्हाणीघर दुरुस्त करताना

२०१८ साली निळोणा धरण आटले, तेव्हाचे हाल यवतमाळकर विसरलेले नाहीत. म्हणून न्हाणीघराची दुरुस्ती काढली, तेव्हा सौ.चा आग्रह जुने बांधीव टाके ठेवण्याचा होता. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी ओतून भागत नाही, घासावे लागते. शेवटी टाके फोडून झाकणाचे दोन ड्रम ठेवले. दर रविवारी ते आळीपाळीने घासून कोरडे करतो. धुण्याचा दगड अंगणात हलवला, कारण साबणाच्या फरशीवर आई एकदा घसरली होती. मोकळ्या भिंतीला आधाराची दांडी बसवली. वाचकहो, फरशीचा रंग मागाहून निवडा. आधी म्हाताऱ्यांचे पाऊल आणि पाण्यावरचे झाकण पाहा.